ओव्याची धुरी

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात तेच एक चित्र फिरतं. हळद सांध्यांना चांगली, दालचिनी साखरेला, जिरं पचनाला, लवंग दाताला, ओवा पोटाला. खाली हिरवी पानं आणि जोडलेले हात. गेल्या आठवड्यात ते पुन्हा आलं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी, नवीनच लागलेली, कौतुकाने म्हणाली की मॅम, आप लोगों के यहाँ तो डिलिव्हरी के बाद ये सब बहुत करते हैं ना? मी ‘बिल्कुल’ म्हणाले आणि रिकामी नसलेली पाण्याची बाटली घेऊन भरायला उठले. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलेलं नाही.

तर आधीच सांगून टाकते, ओवा पोटाला चांगलाच असतो. मी कुणाच्या परंपरेवर थुंकायला बसलेले नाही. तसं करणारेही मला आवडत नाहीत आणि ते चित्र पुढे ढकलणारेही आवडत नाहीत. मला हल्ली एकूणच माणसं कमी आवडतात.

आई वर्ध्याची. मसाल्याचा डबा हाच तिचा दवाखाना. आम्हा भावंडांना खोकल्याला हळद-दूध, पोट दुखलं की बेंबीवर हिंगाचा लेप, जुलाबाला जायफळ उगाळून, दाढेला लवंग. सर्दीला सुंठीचा लेप कपाळावर, तो असा भाजायचा की सर्दी परवडली असं वाटायचं. आम्ही बरे व्हायचो. पोरांची बहुतेक दुखणी काही न करताही बरी होतात, असं माझा नवरा एकदा जेवताना बोलून गेला. आईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काही विचारू नका. पण तो पडला जावई. त्याला वाढलं आणखी एकदा वरण, आणि मग मला आत नेऊन सुनावलं.

नवरा पुण्याचा. त्याचा विश्वास आकड्यांवर. आम्ही राहतो त्या नोएडात दिवाळी झाली की हवा नाकात टोचायला लागते. तेव्हा तो बाजारातून चिकट फोमची पट्टी आणून घरातल्या सगळ्या सरकत्या खिडक्यांच्या फटी बुजवून टाकायचा. प्रत्येक खोलीत प्युरिफायर. त्यावरचा हवेतल्या प्रदूषणाचा आकडा तो फोनवर दिवसभर बघायचा, लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसा. मी त्याला चिडवायची. पण ज्या वर्षी मला दिवस गेले, फार वाट बघून, दोनदा गर्भ पडून गेल्यावर, त्या वर्षी मी चिडवलं नाही. मीच त्याला म्हणायची, आपल्या खोलीत अजून एक पट्टी लाव.

मुलगी डिसेंबरात झाली. आई त्याआधीच रेल्वेने आली होती, दोन गोणपाटाच्या पिशव्या घेऊन. डिंक, खारीक, मेथी, आळीव, बाळंतशोपा, वावडिंग, किलोकिलोने ओवा. आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लोखंडी शेगडी. नवऱ्याला हसूच आवरेना. यार आई, दिल्लीत हीटर मिळतात, असं तो म्हणाला खरा, पण स्टेशनवरून शेगडी त्यानेच उचलून आणली. हीटरची ऊब कोरडी असते, ती हाडात जात नाही, असं आईचं मत. माझी दोन्ही मोठी भाचरं याच शेगडीवर शेकली होती. त्याआधी आम्ही.

बाराव्या दिवशीचं बारसं आम्ही पुढे ढकललं. बाहेर धुकं आणि धूर यांतला फरक कळत नव्हता. निम्मे पाहुणे खोकत होते. सव्वा महिना झाला की हवा सुधारेल, मग सासरचे येतील, तेव्हा थाटात करू, असं ठरलं. तोवर तिला आम्ही ठमी, चिमणी, पिल्लू काय वाट्टेल ते म्हणत होतो. नाव ठरलेलं होतं, पण पाळण्यात घातल्याशिवाय उच्चारायचं नाही, अशी आईची ताकीद होती. ते मी अजूनही उच्चारलेलं नाही.

मुलीला पोटाचा त्रास होता. तिन्हीसांजेला रडायला लागायची ती पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. डॉक्टरांनी थेंब दिले होते. ते पाजून, खांद्यावर घेऊन, नवरा घरभर फेऱ्या मारायचा. काही उपयोग नाही. आई चार दिवस गप्प बसली, म्हणजे तिच्या मानाने पुष्कळ. मग एकदा तिने तव्यावर मूठभर ओवा भाजला, मऊ कापडात बांधला, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितला आणि मुलीच्या पोटावरून हलक्या हाताने फिरवला. दोन-तीन वेळा वारा सरला आणि पोर शांत. नवरा बघतच राहिला. ‘मानलं, आई,’ असं तो मोकळेपणाने म्हणाला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळ्यांनी त्याला आणि आईला एकमेकांचे वैरी करून टाकलं. ते तसे नव्हते. ओव्याचा गुण आला होता आणि तो दोघांनी डोळ्यांनी पाहिला होता.

मग धुरी सुरू झाली. आमच्या टॉवरखाली एक प्रेसवाला बसतो, कोळशाच्या इस्त्रीने लोकांचे कपडे करून देतो. आईने आपल्या मोडक्या हिंदीत त्याच्याशी मैत्री केली आणि कोळसा मिळवला. सकाळी माझी आणि मुलीची तेल लावून अंघोळ झाली की बाल्कनीत कोळसे फुलवायचे, धूर गेला, लालबुंद झाले, की शेगडी आत माझ्या पलंगाजवळ आणायची. वर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं. तडतड आवाज, आणि मग तो वास. खोटं कशाला बोलू, मला तो वास फार आवडायचा. टाके दुखत होते, कंबर मोडल्यासारखी झाली होती, बाहेर सूर्य दिसत नव्हता, आणि त्या उबेत मी आईच्या घरी असल्यासारखी पडून राहायची.

पहिल्या दिवशी आईने शेगडी आणली आणि खिडकी उघडली. फोम ओढून काढला आणि काच हातभर सरकवली. निखारा खोलीत असला की वारा जायला वाट ठेवायची, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वर्ध्याला आमच्या घरावर कौलं होती, त्यांतून आभाळ दिसायचं. पण शेजारच्या खोलीत घरून काम करत बसलेल्या नवऱ्याच्या फोनवर आकडा उसळला आणि तो हेडफोन गळ्यात तसाच घेऊन धावत आला. बाहेरची हवा विष आहे, एवढंसं फुप्फुस आहे तिचं, असं म्हणत त्याने खिडकी लावली. फोम पुन्हा दाबून बसवला. आई म्हणाली की धूर कोंडेल. त्यावर त्याने प्युरिफायरचं बटण पूर्ण फिरवलं. मशीन घोंघावायला लागलं, त्याचा दिवा लाल होता. आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने तो पिवळा झाला आणि मग निळा.

आई खरोखर चकित झाली. जावयाच्या मशीनने डोळ्यांदेखत धूर गिळला होता. ‘गुणाचं आहे हो तुमचं मशीन,’ असं ती त्याला म्हणाली. त्यालाही बरं वाटलं. शेगडी राहू द्या, खिडकी मात्र बंद, असा तोडगा निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि मी पलंगावर पडल्यापडल्या मनात म्हणाले, चलो, सुटले.

त्याच आठवड्यात पेपरात एक बातमी होती. आई हिंदी पेपर अक्षर लावून वाचायची, तेवढाच विरंगुळा. गाझियाबादकडे दोन चौकीदार केबिनमध्ये कोळशाची अंगीठी पेटवून, दार लावून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. थंडीत दिल्लीकडे ही बातमी येतेच, नवीन काही नाही. आई हळहळली. बिचारे, पण दार लावून झोपू नये एवढं कळू नये का, असं म्हणाली. नवऱ्याने तिला समजावून सांगितलं की त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, माणसाला झोप येतेय असंच वाटतं. आमच्या सोसायटीनेही चौकीदारांना अंगीठी बंद केली होती, ते बरंच झालं, असंही तो म्हणाला. हे बोलणं झालं तेव्हा शेगडी बाल्कनीत निवत ठेवलेली होती. आमच्यातल्या एकाचीही मान तिकडे वळली नाही. मी यावर इतका विचार केला आहे की आता डोकं चालत नाही. मला एकच उत्तर सापडतं. अंगीठी गरीब माणसाची, थंडीने काकडणाऱ्याची. आमच्याकडे होती ती बाळंतिणीची शेगडी, तिच्यावर ओवा होता, आणि ओवा औषध असतं.

दोन-तीन दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं. शेक झाला की दुखायचं, मळमळायचं, कानात घूं व्हायचं. दुपारी जेवायला बाहेर येऊन बसले की उतरायचं. आईला सांगितलं. तिने कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली की बाळंतिणीला वारा बाधला आहे, अंगातली थंडी अजून निघाली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कोळसे वाढवले, ओवाही जास्त घातला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला की झोप पूर्ण होत नाही तुझी. दोघांचंही पटण्यासारखंच होतं.

आणि मुलगी झोपायला लागली. शेकाच्या वेळी जी झोपायची ती दुपार टळेपर्यंत. अंगावर घेतली तरी दोन घोट ओढून डोळे मिटायची. इतके दिवस रडून घर डोक्यावर घेणारी पोर अशी शांत पडलेली बघून आम्हाला काय वाटलं असेल? आईने तिची दृष्ट काढली. बघ, पोट हलकं झालं की लेकरू कसं सुखाने झोपतं, असं ती मला म्हणाली. नवऱ्याने तिचा झोपलेला फोटो काढून पुण्याला पाठवला. सासूबाईंचा उलट निरोप आला, विहीणबाईंच्या हाताला यश आहे.

शेवटच्या दिवशी थंडी फार होती. समोरचा टॉवर दिसत नव्हता. आईने शेगडी भरून कोळसे घातले, मुलीला दुपट्यात घट्ट बांधून माझ्या कुशीत दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मला तिखटाचा ठसका लागू नये म्हणून जाताना तिने दार ओढून घेतलं आणि दाराच्या फटीत टॉवेल सारला. तो टॉवेल आतून सारला होता की बाहेरून, असं नंतर मला एका पोलिसाने विचारलं. बाहेरून सारला, पायाने. दाराखालच्या फटीतून मला तिचा पाय दिसला होता.

मला आठवतं ते एवढंच. प्युरिफायरचा निळा दिवा. कढईत परतल्याचा आवाज, लांबून. डोकं जड झालं होतं आणि मला आईला हाक मारायची होती, पण कंटाळा आला. हो, कंटाळाच. घाबरले असते तर उठले असते. मुलीचं तोंड माझ्या दंडाला लागलेलं होतं, गरम. मी म्हटलं, पाच मिनिटं पडते, मग मारते हाक.

नवऱ्याची मीटिंग लांबली होती. ती संपल्यावर तो दार उघडून आत आला. पुढचं मी त्याच्याकडून फक्त एकदा ऐकलं आहे, आणि दुसऱ्यांदा विचारण्याची हिंमत माझ्यात नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा तोंडावर मास्क होता, हाताला सुया होत्या आणि नवरा पायाशी उभा होता. तो रडत नव्हता, त्यावरून मी ओळखलं. मी मुलीबद्दल विचारलंच नाही. त्यानेच थोड्या वेळाने सांगितलं.

डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी हिंदीत सावकाश सांगितलं की ते मशीन धूळ पकडतं, धूर पकडतं, वास पकडतं, पण कोळशाचा हा वायू त्यात अडकत नाही. दिवा निळाच राहणार. एवढ्या लहान बाळाला तो मोठ्या माणसाच्या आधी लागतो. ती रोज झोपत होती तेव्हाही तो तिच्या अंगात जातच असणार, माझी डोकेदुखीही तीच. ओव्याने काही केलेलं नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. मला काडीचंही बरं वाटलं नाही. कागदावर तिचं नाव नव्हतं. नाव नसलेल्या बाळाच्या रकान्यात आईचं नाव लिहितात, तसं माझं लिहिलं होतं.

पोलीस घरी आले. ते येणारच होते. त्यांनी आईला विचारलं, अंगीठी किसने जलायी? आईने हात वर केला, शाळेत करतात तसा. खिडकी कुणी बंद केली, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. नवरा तिथेच भिंतीला टेकून उभा होता. तोही काही बोलला नाही. हे मला भावाने नंतर सांगितलं, तो वर्ध्याहून धावत आला होता. त्या दिवशी मी नवऱ्याचा मनापासून द्वेष केला. दुसऱ्या दिवशी आईचा केला. हात कशाला वर करायचा, असा तोरा कशासाठी, दोघांनी मिळून माझी पोर मारली असं स्वच्छ का सांगत नाही, असं मला ओरडायचं होतं. प्रत्यक्षात मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मला घरी आणलं तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या. घर बर्फासारखं गार झालं होतं, तरी कुणी त्या लावत नव्हतं. आई माझ्या खोलीत यायची नाही. जेवणाचं ताट नवरा आणून द्यायचा. त्यात वरण-भात असायचा, हिंगाशिवाय, हळदीशिवाय, फोडणीशिवाय. पांढराफटक. मीठ तरी घातलं होतं की नाही कोण जाणे. तिने कशाचंही नाव काढायचं सोडून दिलं होतं. भाऊ खोकत होता, त्याला ती म्हणाली की केमिस्टकडून काहीतरी आण.

आणि माझं दूध चालूच होतं. दवाखान्यात ऑक्सिजन आणि सुयांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. घरी आल्यावर पान्हा असा फुटला की गाऊन भिजले. इतके दिवस आईने मेथीचे लाडू, आळिवाची खीर, शतावरी भरवली होती, ती आता कामाला आली होती. छाती दगडासारखी झाली. अंगात ताप भरला. शेजारच्या फ्लॅटमधलं मूल रडलं की कपडे भिजायचे आणि मी दात आवळून बसायची. हा प्रकार किती क्रूर आहे ते बाईशिवाय कुणाला कळायचं नाही, आणि बाईलाही न कळलेलंच बरं.

संध्याकाळी मी उठले. भिंत धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. गॅस बंद होता, हातात काही नव्हतं, नुसतीच उभी. मी लहान असताना माझ्या काकूचं आठ दिवसांचं मूल गेलं होतं. तेव्हा तिचं दूध आईनेच बंद केलं होतं. काहीतरी वाटून बांधलं होतं, काहीतरी उकळून पाजलं होतं, आणि काकू आजही सांगते की तुझ्या आईने मला त्या यातनेतून सोडवलं. आईला माहीत होतं. तिला ते माहीत नसणं शक्यच नव्हतं.

मला औषध नको होतं. औषध डॉक्टरांना फोन केला असता तरी मिळालं असतं, नवरा जाऊन घेऊन आला असता. मला तिने काहीतरी सांगायला हवं होतं. हे घे, ते बांध, असं कर, काहीही. तिने सांगितलं असतं आणि मी ते केलं असतं, इतकंच मला तिला द्यायचं होतं. त्याहून जास्त माझ्याजवळ तेव्हा काही नव्हतं.

मी म्हणाले, ‘आई, दूध बंद व्हायला काय देतात गं?’

ती वळली. माझ्या भिजलेल्या गाऊनकडे बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, सांगते आहे.

‘मला नाही माहीत, बाळा,’ ती म्हणाली. ‘डॉक्टरांना विचार.’

मग ती खाली बसली, फरशीवरच, ओट्याला टेकून. मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. पण मला वाकता येत नव्हतं, छाती फार दुखत होती. मी उभीच राहिले आणि नवऱ्याला हाक मारून डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.